काकू उघडत नाहीत

"काका, काकू उघडत नाहीत."

शमीमचा फोन होता. मी अंगणात मोटार लावून टाकी भरायची वाट बघत होतो. मोटारीच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, म्हणून मोटार बंद केली.

"काय म्हणालीस?"

"काकू. उघडत नाहीत. सकाळपासून किती वेळा लावलं. फोन म्हणतो, पान सापडत नाही."

माझी बायको हेमलता तेव्हा जाऊन सव्वा महिना उलटून गेला होता. डोक्यात रक्ताची गाठ झाली, सोलापूरला नेलं, दोन दिवसांत गेली. तेव्हा शमीमचं हे बोलणं दुसऱ्या कोणी ऐकलं असतं तर त्याला ते विचित्र वाटलं असतं. मला वाटलं नाही. ती कशाबद्दल बोलतेय ते मला माहीत होतं.

हेमलता करमाळ्याच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची. शमीम मुलाणी जेऊरची. जन्मापासून दिसत नाही. बाहेरून बी.ए. करत होती. एकदा ती वाचनालयात आली आणि काउंटरवर विचारलं, इथं पुस्तक वाचून दाखवणारं कोणी आहे का. हेमलता म्हणाली, आहे. वाचनालयात असा माणूस कोणी नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ही स्वतःच वाचायला लागली. शमीमला रोज येणं जमेना, तेव्हा हिने घरी कॉम्प्युटरला माइक लावून धडे वाचून ठेवायला सुरुवात केली. परदेशातली एक साइट होती, तिथं कोणालाही फाइल ठेवता यायची. ही ठेवायची, शमीम फोनवर ऐकायची. मग शमीमने ते लातूरच्या, साताऱ्याच्या, नाशिकच्या अशाच मुलामुलींना सांगितलं. ते सगळे त्या धड्यांना 'काकू'च म्हणायचे. आज काकू चौथ्यापर्यंत झाल्या, काकू अजून दुसऱ्यातच आहेत, असं.

"बाकीच्यांकडे बघ," मी म्हटलं. "तुझ्या फोनचं काही असेल."

"बघितलं. लातूरच्या अंगदकडे पण नाही. साताऱ्याच्या पोरींकडे पण नाही."

"गेल्या आठवड्यात लागत होतं का?"

"लावलंच नव्हतं ना काका. आमच्यात चाळिसावा असतो. मीच सगळ्यांना सांगितलं, चाळीस दिवस काकूंना बोलायला लावायचं नाही. आयुष्यभर वाचलंय, जरा शांत पडू दे त्यांना. सगळे हो म्हणाले. अंगदसुद्धा. तो तर कशालाच हो म्हणत नाही." ती पुढं म्हणाली, "काल झाले चाळीस. अम्मीनं खीर करून वाटली. आज लावलं तर हे."

"कुणी फोनमध्ये भरून घेतले असतील."

"माझ्या फोनमध्ये एक धडा मावतो. ऐकला की पुसायचा. सगळ्यांचं तसंच. काकू काय पळून जाणारेत का, असं वाटायचं." मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात पेपर आहे काका. सगळा इतिहास काकूंकडे आहे."

मी बघतो म्हटलं आणि फोन ठेवला. टाकी अर्धीच भरली होती. ती तशीच राहिली.

हेमलताच्या कॉम्प्युटरवर तिनेच शिवलेलं झाकण होतं. ते काढून चालू केला. फायली तिथं नव्हत्या. कॉम्प्युटर भरत आला की ती जुने धडे पुसून टाकायची. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, वर ठेवलेत की, दोन ठिकाणी कशाला. डबा रिकामा झाला की लगेच घासून पालथा घालायची, तसंच हे. साइट उघडायला गेलो तर पांढऱ्या पानावर इंग्रजीत एक ओळ आली. आदेशावरून ही साइट बंद करण्यात आली आहे. एवढं इंग्रजी मला येतं.

मी किशोर वीरकडे गेलो. गावात केबल आणि इंटरनेट त्याचं. सगळ्या गल्ल्यांतून त्याच्या वायरी गेलेल्या. तो दुकानात कलिंगड कापून बसला होता.

"या तात्या. घ्या."

"नको. इंटरनेट का बंद केलंस?"

"बंद कुठाय? आख्खं गाव बघतंय."

मी साइटचं नाव सांगितलं. त्यानं बी थुंकली आणि मान हलवली.

"ती होय. ती गेली. कुठल्या तरी पिक्चरवाल्यानं कोर्टात अर्ज दिला. त्याचा पिक्चर लोक त्या साइटवरनं चोरून बघत होते. कोर्ट म्हणालं थांबवा. वरच्या कंपनीनं कोण कोणता पिक्चर ठेवतोय हे शोधत बसण्यापेक्षा साइटच बंद करून टाकली. मला फक्त ईमेल आला."

"हेमलताचे धडे पिक्चर आहेत का?"

"नाहीत."

"मग?"

"तात्या, तुम्ही नगरपालिकेत पाणी सोडत होता. एका घराची पट्टी थकली की तुम्ही काय करायचा?"

"त्याचा नळ तोडायचो."

"त्याचा नळ सापडला नाही तर?"

आमच्या मंगळवार पेठेत जुन्या लाइनी कुठून कुठं गेल्यात हे कोणालाच माहीत नव्हतं. एकदा साहेबांनी सांगितलं म्हणून मी आख्ख्या बोळाचा व्हॉल्व्ह बंद केला होता. किशोरचं घर त्याच बोळात.

"आम्ही दोन दिवस आडावरनं पाणी आणलं," तो म्हणाला. "आई अजून तुमचं नाव काढते."

"ते जाऊ दे. आता चालू कर."

"माझ्या हातात व्हॉल्व्ह नाही. मी खालचा नळ." त्याने हात पुसले. "पण आडवाट आहे. प्रॉक्सी म्हणतात. आपली कंपनी त्या साइटवर जाऊ देत नाही, तर दुसऱ्याच्या घरातनं जायचं. करून देतो. फक्त हळू चालतं, आधीच सांगतो."

पेन ड्राइव्ह घेऊन तो घरी आला, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बसवलं आणि दुसऱ्या एका घरची वायर तुटली म्हणून निघून गेला. मी शमीमला कळवलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने आली. काठी घेऊन स्टँडवरून एकटीच यायची. आमच्या घरात तिला सगळं माहीत होतं. ती थेट कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन तिच्या खुर्चीवर बसली.

"पंखा लावू का?" मी विचारलं.

"लावा की. आज रेकॉर्डिंग थोडंच आहे."

हेमलता वाचत असताना पंखा बंद, कुकर बंद, आणि मी बाहेर. फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचं आणि कोणी आलं तर कडी वाजवण्याआधी गाठायचं, हे माझं काम. उन्हाळ्यात ती घामानं भिजून बाहेर यायची. ती आत काय वाचते ते मी कधी ऐकलं नव्हतं.

मी साइटचं नाव टाकलं. गोल फिरायला लागला.

"उघडलं?"

"फिरतंय."

शमीमने बरोबर आणलेली शेंगदाण्याची पुडी उघडली. आम्ही खात बसलो. पानाचा वरचा भाग आला आणि पुन्हा फिरणं सुरू. मग काहीच नाही.

"काय दिसतंय?"

"एक निळी पट्टी. बाकी पांढरं."

"एवढ्या वेळात काकूंनी पानिपत संपवलं असतं," ती म्हणाली.

शेवटी धड्याचं नाव दिसलं. मी दाबलं. पुन्हा तेच फिरणं. नंतर साइट म्हणाली, फार वेळ लावलात, परत सुरुवातीपासून या. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा मी किशोरला फोन केला आणि जे तोंडाला आलं ते बोललो. तो अर्ध्या तासात आला. त्याच्या खांद्यावर वायरचं भेंडोळं तसंच होतं.

"ही शमीम," मी म्हटलं.

"तुम्हीच का ते बंद करणारे?" शमीमने विचारलं.

"मी चालू करणारा, ताई. बंद करणारे मुंबईत असतात."

"मग इतकं हळू का?"

किशोर स्टूल ओढून बसला. कोणी विचारलं की त्याला समजावून सांगायला आवडायचं.

"असं बघा. आपण नाव टाकतो, पण मशीनला नाव कळत नाही, नंबर लागतो. मग ते डिरेक्टरीत नंबर शोधतं. त्याला डीएनएस म्हणतात. ती डिरेक्टरी कंपनीची, आणि कंपनीनं त्यातलं हे पान फाडून टाकलंय. आपलं प्रॉक्सी हुशार, ते दुसऱ्याच्या घरातनं जातं. पण निघायच्या आधी नंबर मात्र आपल्याच फाटक्या डिरेक्टरीत बघतंय. सापडत नाही. थांबतं. परत बघतं. परत थांबतं. कंटाळलं की मग बाहेर विचारतं. आणि एका पानावर जाहिराती, चित्रं, वीस ठिकाणची नावं. प्रत्येक नावाला हेच."

"म्हणजे मूर्खच की," शमीम म्हणाली.

"मूर्ख नाही. सवय. आधी घरात विचारायचं, मग बाहेर." त्याने कुठंतरी आत जाऊन एका चौकोनावर खूण केली. "आता नाव पण बाहेरच विचारेल. टाका तात्या."

मी टाकलं. पान एका दमात उघडलं.

हेमलताने केलेली धड्यांची यादी समोर आली. नावं तिने मराठीत टाइप केली होती.

"आलं," मी म्हटलं.

शमीमने पुडी बाजूला ठेवली, ओढणीला हात पुसले आणि खुर्ची पुढं ओढली. "पहिल्यापासून घ्या. एकेक करून सगळे उतरवून घ्या. आता पुसायचं नाही कोणी."

मी पहिला धडा दाबला. इंग्रजीत दोन ओळी आल्या. मी वाचल्या. मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय, म्हणून परत वाचल्या. माझ्या खांद्यावरून किशोरही वाचत होता.

तिथं लिहिलं होतं, ही फाइल तीस दिवसांत कोणीही उघडली नाही, म्हणून नियमाप्रमाणे काढून टाकण्यात आली आहे.

दुसरा दाबला. तेच. तिसरा. तेच.

"काय झालं?" शमीमने विचारलं. "काय लिहिलंय?"

किशोर माझ्याकडे बघत होता. त्याला चाळीस दिवसांचं काही माहीत नव्हतं, पण सव्वा महिन्यापूर्वी तो स्मशानात आला होता. हेमलता गेल्यापासून धडे कोणी लावलेच नाहीत, हा हिशोब त्याला लागला.

"काका?"

"बंदी आहे म्हणतंय," मी म्हटलं. "कंपनीनं अडवलंय."

"पण उघडलं म्हणालात ना?"

"यादी उघडली. धडे अडवलेत."

"असं कसं? यादी सोडायची आणि धडे अडवायचे?" तिने तोंड किशोर होता तिकडं वळवलं. "असं असतं का?"

किशोरने खांद्यावरचं भेंडोळं खाली ठेवलं.

"असतं ताई," तो म्हणाला. "कंपनीचं काही सांगता येत नाही. आडवाटेनं येईल तेवढं येईल. बाकीचं वरनंच बंद."

"आणि तुम्ही चालू करणारे."

"हो."

"काय चालू केलंत मग?"

शमीम त्याला बरंच बोलली. तुमच्या बहिणीचा पेपर असता तर असं हात चोळत बसला असता का, म्हणाली. महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यायला बरे येता, म्हणाली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच म्हणाला, "तात्या, पुढचे दाबून बघा."

हेमलताचा एक नियम होता. वाचनालयातली एक मुलगी तिच्या मदतीला म्हणून वाचायला बसायची, तिला ही सांगत असताना मी ऐकलं होतं. छापलंय तेच वाचायचं. चूक छापली असेल तर चूकच वाचायची, आणि मग वेगळं सांगायचं की ही चूक आहे. समोरच्याला दिसत नाही म्हणून आपल्याला बरं वाटेल ते वाचायचं नाही. मला ते त्या वेळी आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही.

चौथा, पाचवा दाबला. तेच. सहावा दाबला तर खाली एक पट्टी सरकायला लागली.

"हा येतोय," किशोर म्हणाला.

पट्टी भरली. मी आवाज मोठा केला.

"धडा सहावा. जमीनमहसुलाच्या पद्धती. पान एकशे चार."

आवाज तिचाच होता, पण घरात बोलायची तसा नव्हता. सावकाश होता आणि प्रत्येक शब्द वेगळा होता. रयतवारी म्हणजे काय ते सांगत होती. मध्ये थांबून "पान उलटते" म्हणाली. पुढच्या पानावर एक नकाशा होता. तो तिने डाव्या हातापासून उजव्या हातापर्यंत सांगितला, कुठला प्रदेश केवढा, कुठली नदी कोणाच्या अंगावरून जाते. शमीमने स्पीकरवर तळहात ठेवला होता. किशोर उभाच होता. धडा संपेपर्यंत कोणी हललं नाही.

मग मी सातवा दाबला, आठवा, शेवटपर्यंत. दुसरा एकही आला नाही.

"सहावाच कसा काय?" शमीम म्हणाली.

"नशीब," मी म्हटलं.

किशोर निघाला तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. शमीमच्या चाळीस दिवसांचं मी त्याला तिथं सांगितलं.

"असू दे तात्या," तो म्हणाला. "माझं नाव गावात आधीच खराब आहे. पाऊस पडला की लोक शिव्या घालतात, लाइट गेली की घालतात. त्यात एक जास्त."

"पण तिला वाटेल तू..."

"वाटू दे. तिनं माझ्यावर चिडलेलं बरं." तो गाडीवर बसला. "पोरीनं चांगल्या मनानं केलं. तिला कुठं माहीत होतं, गप्प बसलं की तिकडं पुसून टाकतात."

शमीमला पाचच्या गाडीत बसवायला मी स्टँडवर गेलो. वाटेत ती म्हणाली, "काका, पुस्तक आहे ना घरात?"

"आहे."

"मग तुम्ही वाचा."

"मला नाही वाचता येत तसं."

"काकूंना तरी कुठं यायचं. पहिला धडा त्यांनी आगगाडीसारखा वाचला होता. मीच म्हटलं, काकू, स्टेशनं घ्या."

मग मी वाचलं. ती एक दिवसाआड यायची. बाकीच्यांसाठी किशोरच्या मोबाइलवर रेकॉर्ड करायचो. त्या वेळी पंखा बंद ठेवायचो. शमीम मला जागोजागी अडवायची. काका, खाकरू नका. काका, सनावळी पळवू नका. नकाशा आला की मी अडायचो, तेव्हा ती म्हणायची, सोडा, हा मला पाठ आहे, काकूंनी सांगितलेला. आणि ती मला सांगायची. सगळं पुस्तक काही झालं नाही. जेवढं झालं तेवढ्यावर तिने पेपर दिला आणि ती पास झाली.

परीक्षेनंतर लातूरहून अंगदचा फोन आला. तोपर्यंत मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो.

"काका, एक सांगायचंय. शमीमताईला सांगू नका."

"बोल."

"ते चाळीस दिवस. मी पाळले नाहीत. काकू गेल्याचं कळल्यापासून झोप लागत नव्हती. म्हणून वीसेक दिवसांनी एका रात्री सहावा लावला. तो जमीनमहसुलाचा आहे ना, त्यात झोप येते." त्याचा आवाज खाली आला. "सगळ्यांनी शब्द पाळला, मीच मोडला. तुमची माफी मागायची होती."

"बरं केलंस," मी म्हटलं.

"नाही काका, चुकलंच माझं."

"अंगद, मी सांगतो ना. बरं केलंस."

त्याला ते पटलं नाही. त्याला वाटलं मी मोठेपणानं बोलतोय. खरं काय ते सांगितलं असतं तर शमीमचंही सांगावं लागलं असतं, म्हणून मी तेवढ्यावरच थांबलो.

याला आता बारा वर्षं झाली. त्या साइटवरची बंदी काही उठली नाही, पुढं ती साइटच बंद पडली. सहावा धडा माझ्याकडे आहे, शमीमकडे आहे, आणि किशोरनं त्याच्या दुकानातही एक ठेवला आहे. शमीम बार्शीला कॉलेजात इतिहास शिकवते. कुठं भाषणाला बोलावलं की ती हेमलताचं सांगते, आणि कंपनीनं एका पिक्चरसाठी आख्खं पुस्तक कसं बुडवलं तेही सांगते. लोक चिडतात. तिच्या लग्नात किशोर आहेर घेऊन आला होता. आवाज ओळखून ती म्हणाली, "आले का बंदीवाले." तो हसला आणि जेवायला बसला.

ती वर्षातून दोनदा येते. कॉम्प्युटरच्या खोलीत बसते, चहा घेते, नवऱ्याच्या तक्रारी सांगते. प्रत्येक वेळी मी ठरवतो.

त्या दिवशी त्या पानावर काय लिहिलं होतं, ते मी तिला अजून वाचून दाखवलेलं नाही.